उरकलं की डन?

मंद्रूपच्या आमच्या द्राक्षबागेचा सगळा हिशेब एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतो. एप्रिलातली खरड छाटणी, ऑक्टोबरातली गोड छाटणी, विरळणी, फवारण्या, व्यापाऱ्याकडची बाकी. ही फाइल मी ईमॅक्स या मजकूर-संपादकातल्या ऑर्ग-मोडमध्ये चालवतो. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं 2003 साली हे मुक्त सॉफ्टवेअर सुरू केलं. काम करायचंय की झालं हे दाखवायला सुरुवातीला मी त्याचेच 'टूडू' आणि 'डन' हे शब्द वापरायचो. दादानं एकदा पडद्यात डोकावून विचारलं, "डन काय असतंय रे? उरकलं म्हन की सरळ."

म्हटलं. ऑर्ग-मोडमध्ये स्थितीचे शब्द आपले आपण ठरवता येतात. फाइलीच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: राहिलं, थांबलंय, मग उभी रेघ, मग उरकलं. रेघेच्या पलीकडचं ते संपलेलं. 'वाट बघतोय' मात्र चालत नाही. मधे मोकळी जागा आली की सॉफ्टवेअर 'वाट' ही एक स्थिती धरतं आणि 'बघतोय' ही दुसरी. आपली निम्मी क्रियापदं जोडीनं नांदतात, हे त्याला कोण सांगणार?

याच्या अगदी उलट जीना ट्रपानी यांची 2006 सालची टूडू-टीएक्सटी ही कामांची यादी लिहायची पद्धत. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला लहान एक्स आणि एक मोकळी जागा. मोठा एक्स चालत नाही, मराठी शब्दाचा तर प्रश्नच नाही. हा मला निव्वळ हट्ट वाटायचा.

मग ॲडव्हान्सनं मला धडा दिला. व्यापाऱ्यानं आगाऊ रक्कम दिली, बाकी यायची आहे, अशा व्यवहारांसाठी मी 'ॲडव्हान्स' ही स्थिती केली होती. दादानं फोनवरून तोच शब्द टाकला आणि ते व्यवहार माझ्या थकबाकीच्या यादीतून गायब झाले. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच. पण माझा 'ॲ' म्हणजे युनिकोडमध्ये 2008 साली आलेलं एकसंध अक्षर, आणि फोननं लिहिला होता 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. ओळखीचा शब्द सापडला नाही, म्हणून त्यानं तो मुकाट्यानं कामाच्या नावातच धरला. चूक झाली असं सांगितलंही नाही. लहान एक्सच्या बाबतीत असं झालं नसतं.

तरी मी 'डन'कडे परत गेलो नाही. स्थितीचे शब्द आमचेच ठेवले, पण त्यांची व्याख्या फाइलीतच राहील असं पाहिलं. ती फक्त माझ्या संगणकाच्या सेटिंगमध्ये असती, तर पुतण्याच्या लॅपटॉपवर 'उरकलं' हा कामाच्या नावातला पहिला शब्द होऊन बसला असता. तारखेच्या खुणांना मात्र हात लावत नाही. 'शेड्यूल्ड' आणि 'डेडलाइन' जसे आहेत तसेच. सातबाऱ्याचे रकाने कुठे आम्ही ठरवतो? म्हणून तर इथला उतारा नाशिकचा माणूसही वाचू शकतो.

'ॲडव्हान्स' तेवढा काढून टाकला. आता तिथं 'इसार' आहे. दादा म्हणाला, "आजोबा हेच म्हनायचे की."