आपली माहिती संशोधनाला द्यावी का?

गेल्या महिन्यात बोरीवलीच्या माझ्या दवाखान्यात एक मावशी चार पानी संमतीपत्र घेऊन आल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेऊन त्या आता बऱ्या आहेत. रुग्णालयाने त्यांची माहिती एका अभ्यासासाठी मागितली होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की नाव काढून ही माहिती इतर संशोधकांनाही देता येईल.

"डॉक्टर, माझी फाईल परक्या माणसांना कशाला? धाकटीचं लग्न ठरायचंय. कुठे बोभाटा झाला तर?"

हा प्रश्न कधीतरी तुम्हालाही पडेल, म्हणून त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

26 जुलै 2005 च्या पुरात माझ्या दवाखान्यात पाणी शिरलं आणि जुन्या केसपेपरांचा लगदा झाला. कोणाची साखर कशाने आटोक्यात आली, कोणत्या गोळीने कोणाचे पाय सुजले, सगळं गेलं. तेव्हा फार हळहळलो. पण खरं सांगायचं तर कपाटात कोरडे असतानाही ते कागद माझ्याशिवाय कोणाच्या उपयोगाचे नव्हते. एका रुग्णाची नोंद म्हणजे एक अनुभव. हजारो नोंदी एकत्र आल्या, की त्यातून उत्तर मिळतं.

आता मावशींच्याच आजाराचं उदाहरण घ्या. 1999 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार खेड्यांतल्या बायकांनी भाग घेतला. त्यांना कर्करोग झाला का, मृत्यू झाला तर कशाने, याच्या नोंदी पुढे आठ वर्षं ठेवल्या गेल्या.

2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी देऊ केलेल्या सुमारे 34 हजार बायकांच्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे 31 हजारांच्या गटात 64. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर हीच तपासणी आधी करा असं सांगते, त्यामागच्या पुराव्यात या बायकांच्या नोंदी आहेत.

याला दुसरी बाजूही आहे. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. ज्यांच्या माहितीतून ज्ञान मिळतं, त्यांना त्याचा लाभही मिळायला हवा.

म्हणून डोळे मिटून सही करू नका. हे विचारा:

- अभ्यासाला नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का?
- नाव, पत्ता, फोन काढून सांकेतिक क्रमांक देणार का, आणि त्याची यादी कोणाकडे राहणार? आजार दुर्मिळ असेल तर वय आणि पिनकोडवरूनही माणूस ओळखता येतो, हे लक्षात ठेवा.
- माहिती पुढे कोणाला आणि कशासाठी देणार?
- मन बदललं तर माघार घेता येईल का? ओळख पुसून माहिती इतरांच्या माहितीत मिसळली, की ती वेगळी काढता येत नाही. त्यामुळे हे आधीच विचारा.

नकार दिलात तरी उपचारात फरक पडता कामा नये. तो तुमचा हक्क आहे.

पण उत्तरं समाधानकारक असतील तर जरूर होकार द्या. दुसऱ्या संशोधकांना माहिती मिळाली, की आधीचा हिशोब कोणीतरी पुन्हा तपासतो, चूक असेल तर सापडते, आणि तोच प्रश्न सोडवायला नव्या रुग्णांना पुन्हा सुया टोचाव्या लागत नाहीत.

मावशी हे प्रश्न कागदावर लिहून घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी परत आल्या. "विचारलं सगळं. नाव कुठे जाणार नाही म्हणाले, लेखी दिलंय. केली सही."

मग पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, "थोरली पस्तिशीची आहे. तिची ती तपासणी कुठे होते?"

मी चिठ्ठी लिहून दिली. तुमच्या घरात तिशी ओलांडलेली कोणी असेल, तर तुम्हीही हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारा.