काबिनीकाठचे गजराज

म्हैसूर मागे टाकून हेग्गडदेवनकोटेच्या रस्त्याला लागले, की दोन-अडीच तासांत माणूस काबिनीच्या काठी पोहोचतो. वायनाडच्या डोंगरांत उगम पावून कावेरीला भेटायला निघालेली ही नदी बिचनहळ्ळीजवळ धरणाने अडवली आहे. धरण पुरे झाले १९७४ साली. जलाशयाच्या एका अंगाला नागरहोळेचे अरण्य, दुसऱ्या अंगाला बंडीपूरचे. पावसाळ्यानंतर इथे नुसता सागर दिसतो. पण चैत्र-वैशाखात पाणी ओसरू लागते, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते, आणि रानातले पाणवठे आटल्यामुळे हत्तींचे कळपच्या कळप त्या हिरवळीवर उतरतात. आशियाई हत्तींचे एवढे मोठे संमेलन जगात फार थोड्या ठिकाणी भरत असेल.

याच परिसरातल्या काकनकोटेच्या रानात पूर्वी खेडा होत असे. ढोल-ताशे बडवून, हाकारे घालून रानहत्तींना नदीत उतरवायचे आणि लाकडी कोटात कोंडायचे. शेवटचा खेडा झाला १९७१ साली. आता त्याच मुलखात माणसे हत्ती धरायला येतात ती कॅमेऱ्याने! मीही गेल्या वैशाखात चार दिवस त्याच उद्योगासाठी जाऊन आलो.

घरी बसून वाटते, हत्तीचे छायाचित्र काढण्यात कसले आले कौशल्य? एवढे डोंगराएवढे जनावर. बटण दाबले की झाले! पण नावेत बसून त्याच्याकडे भिंग रोखले, की हा डोंगर किती अवघड आहे ते कळते. पहिली पंचाईत रंगाची. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक यंत्र मोठे समतावादी. काळे असो की पांढरे, सगळ्याला ते करड्याच्या पंगतीला बसवू पाहते. चौकटभर काळाभोर हत्ती आला, की ते उजेड वाढवते आणि गजराज राख फासलेल्या गोसाव्यासारखे फिकट दिसू लागतात. तेव्हा उजेड आपण होऊन थोडा कमी करावा लागतो. दुसरी पंचाईत डोळ्याची. एवढ्या देहात डोळा तो केवढासा! भर दुपारी कपाळाची सावली पडून तोही हरवतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र डोळ्यात एक ठिणगी चमकते, कातडीची सुरकुती न् सुरकुती उठून दिसते, आणि चित्रात जीव येतो.

नावेचा फायदा असा, की आपण पाण्याच्या पातळीवर असतो. जीपमधून खाली पाहून टिपलेला हत्ती बुटका दिसतो. पाण्यावरून टिपलेला आभाळाला टेकतो. चालता हत्ती असेल, तर ज्या दिशेला तो निघाला तिकडे मोकळी जागा सोडावी, नाहीतर तो चौकटीच्या भिंतीवर डोके आपटणार असे वाटते. सोंडेचे टोक आणि पावले कापू नयेत. आणि कळप असेल तर थांबावे. पाच हत्तिणी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या, की छायाचित्रात वीस पायांचा एकच प्राणी उमटतो. दहा मिनिटे थांबले, की वडीलधारी हत्तीण दोन पावले पुढे होते, फट पडते, आणि तिच्या पोटाखालून एवढेसे पिल्लू डोकावते. वर्षाच्या आतले पिल्लू आईच्या पोटाखालून सहज जाते-येते. एका चित्रात त्याचे वयही सांगून होते.

मद्रासचे एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांची हत्तींची कृष्णधवल छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यांचा कॅमेरा म्हणजे इकडचे-तिकडचे भाग जोडून केलेली स्वतःची रचना होती. चित्रे उभी राहिली ती नजरेवर.

काबिनीच्या पाण्यात जागोजाग वठलेल्या झाडांचे काळे खुंट उभे आहेत. धरण झाले तेव्हा रान बुडाले, गावेही बुडाली. आमचा नावाडी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता, की अमुक खुंटाच्या पलीकडे त्याच्या वडिलांची शेती होती. हे सांगताना त्याने वल्हे थांबवले नाही, की आवाज बदलला नाही.

त्या रात्री विश्रामगृहाच्या ओसरीवर पुण्याचा एक तरुण संगणकावर दिवसभराची चित्रे सजवत बसला होता. तिरके झालेले पाणी त्याने सरळ केले, सावलीतला डोळा किंचित उजळला. ते ठीकच, पाणी काही कलते उभे राहत नाही. मग त्याने एका दंतालाच्या पाठीमागचा खुंट बोटाच्या एका फटकाऱ्यासरशी पुसून टाकला.

"काका, डोक्यातून झाड उगवल्यासारखं दिसत होतं," तो म्हणाला.

"अरे, हत्ती चार पावलं पुढे जाईपर्यंत थांबला असतास, तर खुंट आपोआप बाजूला झाला असता."

"ते झालं, पण आता काय बिघडलं? जंगल कसं स्वच्छ दिसतंय!"

नेमके तेच बिघडले होते. ज्या पाण्यासाठी हत्ती इथे येतात ते कुणाचे तरी शेत बुडवून साठले आहे, हे सांगणारा तो एकच साक्षीदार होता. पुढे त्याने हत्तीच्या फाटक्या कानाची कड गुळगुळीत करायला घेतली, तेव्हा मात्र मला राहवले नाही. कानाच्या कडेवरच्या चिरा आणि भोके ही हत्तीची ओळखपत्रे. अभ्यासक त्यांवरूनच एकेक हत्ती ओळखतात. गालावरून ओघळलेला मदाचा काळा डाग हाही मळ नव्हे. तो पुसला, की मस्तीवर आलेला नर गरीब गाय होतो. मोठ्या स्पर्धांत मूळ फाइल मागतात आणि चित्रातली वस्तू काढली किंवा घातली तर ते बाद करतात, ते उगीच नाही.

चौकटीत काय ठेवायचे, हा प्रश्न फक्त सौंदर्याचा नाही. २०१७ साली 'सँक्च्युअरी' मासिकाचा पुरस्कार मिळालेले विप्लव हाजरा यांचे बांकुड्याचे छायाचित्र आठवा. पळणारी हत्तीण, मागे आगीने वेढलेले पिल्लू आणि भोवती जळते गोळे फेकणारा जमाव. त्यातला जमाव कातरला, तर उरते ती फक्त एक दुर्घटना. कुणी केली ते कळतच नाही. आपल्या दोडामार्गात २००२पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले. तिथल्या हत्तीच्या चित्रातून तुडवलेली केळीची बाग वगळा. शहरातल्या माणसाला शेतकऱ्याचा राग कसा समजावा?

त्या तरुणाने बराच वेळ विचार केला आणि कानाच्या चिरा परत आणल्या. खुंटाबद्दल मात्र तो हटला नाही. "घरी भिंतीवर लावायचंय हो काका, आई म्हणेल, हे काळं काय मध्येच?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. माझ्या दिवाणखान्यातल्या चित्रात तसाच एक खुंट आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा हत्तीच्या आधी त्याच्याबद्दलच विचारतो. मग मी नावाड्याच्या वडिलांच्या शेताची गोष्ट सांगतो. चहा निवतो, पण पाहुणे ऐकतात.