निरवानिरवीचा हिशेब

मराठीत ‘निरवानिरव’ हा मोठा अर्थगर्भ शब्द आहे. सरकारी नोकरीत बदलीच्या वेळी आपण कार्यभार सोपवतो, तेव्हा यादी असते, दोन सह्या असतात, कपाटाच्या किल्ल्याही मोजून दिल्या जातात. घराची निरवानिरव मात्र ज्याने करावयाची तो बहुधा निघून गेलेला असतो आणि मागे राहिलेल्यांना यादीविना, किल्ल्यांविना ते काम उरकावे लागते.

इंदुरातील आपल्या जुन्या वस्त्यांत हा प्रसंग आता वारंवार येतो. होळकरांच्या चाकरीच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या घराण्यांची मुले पुणे, बंगळुरू आणि त्याही पलीकडे पोहोचली. वाडे विकले जातात आणि खरेदी करणाऱ्याला घर ‘मोकळे’ हवे असते. ते मोकळे करण्यास खर्च किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे आढळले ते येथे नमूद करतो. कोणा वाचकावर उद्या हीच वेळ आली, तर उपयोगी पडेल.

घर माझ्या थोरल्या काकांचे, म्हणजे खरे तर आमच्या पणजोबांनी बांधलेले. काका गेल्यावर काकू आठ वर्षे मुलीकडे, बडोद्यास होत्या. त्या काळात घराला कुलूप होते. २०२३ सालच्या हिवाळ्यात, काकूंच्या वर्षश्राद्धानंतर, सौदा ठरला आणि ताबा देण्यास एकवीस दिवसांची मुदत मिळाली. चुलतभाऊ अमेरिकेत, चुलतबहीण बडोद्यास. निवृत्त माणसाकडे वेळ असतो असा सार्वत्रिक समज असल्यामुळे काम माझ्याकडे आले.

नोकरीत अंगी मुरलेल्या सवयीने मी तीन दरपत्रके मागवली. पहिल्याने अडतीस हजार रुपये मागितले, दुसऱ्याने बावीस हजार. तिसरा म्हणाला, तुम्ही काहीच देऊ नका, उलट मीच तुम्हाला पंधरा हजार देतो. अट एकच, घरात जे आहे ते आहे तसे, कुलूपबंद पेट्यांसकट माझे. घर एकच, सामान तेच आणि दरांत त्रेपन्न हजारांचे अंतर! लेखापरीक्षणात असा आकडा दिसला असता तर मी तत्काळ स्पष्टीकरण मागवले असते. येथेही तेच केले. तिघांना निरनिराळ्या दिवशी बोलावून, चहा पाजून, प्रत्येकाचा हिशेब समजून घेतला.

पहिली गोष्ट उमगली ती मापांची. अडगळीच्या वस्तूला एक नव्हे, तीन मापे असतात. मजूर वजनाने दमतो, गाडी आकारमानाने भरते आणि कबाडी तराजूवर पैसे मोजतो. कापसाच्या वीस जुन्या गाद्या गाडी भरून टाकतात, पण विकून हाती काही येत नाही. जाते, पाटा आणि उखळ यांना जागा थोडी लागते. परंतु दगडाला गिऱ्हाईक नसते आणि ते उचलताना मात्र दोन माणसे लागतात. तांब्याचा बंब आणि पितळी हंडे जागा थोडी घेतात नि किंमत पुष्कळ देतात. पुस्तके सर्वांत फसवी. दिसतात चिमुकली, पण एका पेटीत भरली की चौघांनाही हलत नाहीत. एखाद्या घरात यांपैकी कशाचे प्रमाण किती, यावर दराचा पाया ठरतो. नुसत्या खोल्यांच्या संख्येवर कोणी दर सांगत असेल, तर त्याने घर पाहिलेले नाही असे खुशाल समजावे.

दुसरी गोष्ट वाटेची. आमचे बरेच सामान दुसऱ्या मजल्यावर आणि जिना लाकडी, उभा, वर झडप असलेला. सागवानी कपाटे सुताराने वरच बसून घडवली होती. ती आली त्या वाटेने नव्हे, तर फळ्या-फळ्यांनी वर गेलेली. म्हणजे उतरवण्यास पुन्हा सुतार आलाच. गल्लीत मालवाहू गाडी शिरत नाही, तेव्हा सामान हातठेल्याने मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचे. तेथेही दिवसा मोठ्या वाहनांना मज्जाव, म्हणून भरणी रात्री. प्रत्येक हस्तांतराला मजुरी पडते. पहिल्या गृहस्थांनी हे सारे मोजून अडतीस हजार सांगितले होते. दुसऱ्याने गल्ली पाहिलीच नव्हती. काम अर्ध्यावर आल्यावर त्याने उरलेले पैसे मागितलेच असते.

तिसरी गोष्ट काळाची. लग्नसराईत आणि दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत मजूर दुर्मीळ होतात. मुदत जितकी जवळ तितका दर चढतो. आठ वर्षांच्या कुलपाने वाळवीलाही मोकळे रान मिळाले होते. वाळवी लागलेले लाकूड विकता येत नाही, उलट ते वेगळे काढून टाकण्याचेच पैसे द्यावे लागतात. बंद घर फुकट सांभाळले जाते हा भ्रम आहे. त्याचे भाडे वाळवी वसूल करत असते.

इंग्लंडात राहणाऱ्या पुतणीला दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे तर हा रीतसर व्यवसायच आहे. तेथे गाडीचा किती भाग भरला यावर दर ठरतो, विकण्याजोग्या वस्तूंची किंमत त्यातून वजा होते आणि कचरा वाहून नेणाऱ्याकडे नोंदणी असावी लागते. जुन्या गादीदार सोफ्यांत घातक रसायने आढळल्यामुळे २०२३ सालापासून ते जमिनीत पुरता येत नाहीत, जाळावे लागतात. त्याचा आकार वेगळा. देश बदलला तरी सूत्र तेच आहे, हे ऐकून मला गंमत वाटली.

आपल्याकडेही काही वस्तू अशा निघतात की ज्यांना सरळ वाटच नसते. इंदूर २०१७ पासून अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, ते कचरा उगमाशीच वेगळा करण्याच्या शिस्तीमुळे. त्यामुळे येथे ‘घाला सगळे एका गाडीत’ हे चालत नाही. मुदत संपलेली औषधे, कीटकनाशकाचे गंजके डबे, नळीचे दिवे हे वेगळे. विटा-मातीचा मलबा वेगळा. जुना दूरचित्रवाणी संच आणि शीतकपाट यांना ई-कचऱ्याचे नियम लागू. गॅसचे सिलिंडर वितरकाकडे परत करावयाचे. आणि मग देवघराच्या कोनाड्यातून निघाले मृगाजिन! मुंजीच्या वेळी कोणे एके काळी वापरलेले, केस झडलेले. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. भिंतीवरच्या काळविटाच्या शिंगांचेही तेच. ते वन विभागाकडे रीतसर सुपूर्द केले. माळ्यावरच्या तलवारीसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढलो. या प्रत्येक कामाचा खर्च रुपयांत थोडा, पण दिवसांत मोठा असतो. आणि ‘आहे तसे’ घेणारा कंत्राटदार या वस्तूंचे काय करतो, हे तो कधीच सांगत नाही.

चुलतभावाने देवघरातील मूर्ती अमेरिकेस पाठवाव्यात अशी इच्छा प्रकट केली. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्याच पुरावशेष अधिनियमाने प्रतिबंध आहे. वस्तू तितकी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळवावा लागतो. आमच्या पणजोबांचे देव कोणत्या साली घडवले, हे देवच जाणोत. अखेर ते बडोद्यास बहिणीकडे गेले.

आता तिसऱ्या गृहस्थांच्या औदार्याचे रहस्य. पितळ, तांबे आणि सागवान यांचा अंदाज त्याने पहिल्या फेरीतच घेतला होता. मी मजुरीचा आणि विक्रीचा व्यवहार वेगवेगळा केला. मजूर, ठेला, गाडी आणि सुतार मिळून सुमारे सतरा हजार झाले. भांडी, लाकूड, लोखंड आणि रद्दी तोलून विकली ती सुमारे एकोणपन्नास हजारांना. म्हणजे घर मोकळे करण्यास खर्च न येता बत्तीस हजार उरले. तिसऱ्याचे पंधरा हजार घेतले असते, तर सतरा हजार त्याच्या दूरदृष्टीचे बक्षीस म्हणून गेले असते. यात त्याची लबाडी मला दिसत नाही. निवड करण्याचे श्रम जो घेतो त्याला त्याचा मोबदला मिळतो, एवढेच.

परंतु निवडीचा खरा प्रश्न भांड्यांचा नव्हताच. माळ्यावर चार पत्र्याच्या पेट्या होत्या, कागदांनी गच्च भरलेल्या, बव्हंशी मोडीत. पहिल्या कंत्राटदाराला त्या दाखवल्या तेव्हा तो डोके खाजवत म्हणाला, “बाबूजी, सामान तो दो दिन का है, फैसला चार दिन का.” दरपत्रकांचे मर्म या वाक्यात आहे. वस्तू उचलणारी माणसे भाड्याने मिळतात. ठेवायचे की टाकायचे, हे ठरवणारी मिळत नाहीत. न ठरलेल्या वस्तूच घर रिकामे करण्याचा खर्च वाढवतात.

बहीण थकलेली होती. ती म्हणाली, “दादा, आठ वर्षे मी आईची औषधे मोजली. आता हे कागद मोजायला लावू नकोस. जाऊ देत रद्दीत.” तिचे म्हणणे अवास्तव नव्हते. ज्याने माणूस सांभाळले त्याने कागदही सांभाळावेत, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार दुरून पाहणाऱ्यांना नाही. मी एवढेच म्हणालो, “मोजायचे मी. तू फक्त तीन दिवस दे.” दोन मजूर आणखी तीन दिवस लावले, त्याचे चार हजार दोनशे रुपये अधिक पडले. मोडी वाचणारे एक वयोवृद्ध स्नेही रोज सकाळी येऊन ओसरीवर बसू लागले.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला तो अशाच घरगुती दप्तरांच्या आधारे, हे मनात होते, पण प्रत्येक पेटीत इतिहास नसतो हेही तितकेच खरे. एका पेटीत वाळवीची माती होती. दुसरीत किराणा आणि दुधाच्या नोंदी, लग्नपत्रिका, जुन्या पावत्या. त्यातले बहुतेक आम्ही टाकले. तिसरीत संस्थानी कारभाराशी संबंधित असे थोडे कागद होते. असे कागद पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा आपल्या माळव्यात सीतामऊचे नटनागर शोध संस्थान अशा ठिकाणी दाखवावेत, असे स्नेह्यांनी सुचवले. ते बांधून ठेवले.

चौथ्या पेटीत पणजोबांच्या घरखर्चाच्या वह्या होत्या. १९१८ च्या पावसाळ्याअखेरीची पाने उलटता उलटता स्नेही थांबले. देशभर इन्फ्लुएंझाने माणसे पटापट दगावत होती, ते हे दिवस. एका पानावर दोन मुलींच्या नावे औषध, मग वैद्याचे येणे, मग पुन्हा औषध. पाच दिवसांच्या अंतराने सरपणाचा खर्च दोनदा. त्यानंतर ती नावे वहीत कोठेच नाहीत. आमच्या घराण्याची वंशावळ छापील आहे, पण तिच्यात मुलींची नावे घालण्याची रीत नव्हती. पणजोबांना आणखी दोन मुली होत्या हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. या जगात त्या होऊन गेल्या, याचा पुरावा सरपणाच्या दोन नोंदी, एवढाच.

मी बडोद्यास दूरध्वनी करून बहिणीला ते पान वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती वही माझ्याकडे पाठव.” देवांबरोबर तीही गेली.

ताबा मुदतीत दिला. चार हजार दोनशे वजा जाता सत्तावीस हजार आठशे उरले, ते तिघांत वाटले. हिशेबाचा कागद मी नीट लिहून दोघांना पाठवला. त्यात ‘कागदपत्रे निवडणे’ ही बाब खर्चाच्या रकान्यात दाखवली आहे, कारण रकान्यांची शिस्त पाळावीच लागते.

वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते. दरपत्रक मागवण्यापूर्वी घर दाखवा, गल्लीही दाखवा. मजुरी आणि विक्री एकत्र करू नका. कुलूपबंद पेटी न उघडता कोणासही देऊ नका. आणि घरातली वडीलधारी माणसे हिंडती-फिरती असतानाच एखाद्या दुपारी त्यांच्यासोबत माळ्यावर चढा. कोणती पेटी कशाची, कोणता हंडा कोणाच्या माहेरचा, हे ती चार वाक्यांत सांगतात. त्या चार वाक्यांचे आज काही मोल द्यावे लागत नाही. पुढे तेच समजून घ्यायला मजुरी मोजावी लागते आणि तरीही अर्धेच समजते.