काटा मागं पडंल

आमच्या जीपचं मागचं डिफरन्शियल बदललं, त्याची ही गोष्ट. संपादक मंडळी म्हणाली होती, "काहीतरी ललित दे." यात ललित काही नाही. ग्रीस भरपूर आहे.

आमचं गाव गगनबावड्याच्या बाजूला. बाबांची जुनी डिझेल जीप एका कंत्राटदाराकडे लावलेली आहे. माणसं आणि सामान साइटवर पोचवायचं, संध्याकाळी लॉगबुकात किलोमीटर लिहून सही करायची, महिन्याच्या शेवटी बिल. किलोमीटरला १४ रुपये. जीप महिन्याला सुमारे दीड हजार किलोमीटर पळते आणि माझी होस्टेलची फी, मेसचं बिल सगळं त्यातूनच येतं. हे आत्ता सांगतोय कारण पुढे लागणार आहे.

सेकंड इयरची परीक्षा संपवून मी घरी गेलो तेव्हा जीप मागून रडत होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हूंऽऽ असा आवाज, सोडला की बंद. मिस्त्रींनी मागचं झाकण उघडलं. क्राऊनचे दात बरे होते, पण पिनियनचे दात पार खाल्ले गेले होते. नवीन क्राऊन-पिनियनचा जोड महाग, शिवाय तो शिम घालून बसवायचा म्हणजे वेगळी मजुरी. कोल्हापुरात उद्यमनगरजवळ एका जुन्या सामानवाल्याकडे दुसऱ्या मॉडेलच्या जीपचं मागचं हौसिंग पडलेलं होतं. अकरा हजार म्हणाला. आमच्या जीपचं डिफरन्शियल नुसतं सुटून बाहेर येत नाही, ते हौसिंगच्या पोटातच बसवलेलं असतं. त्यामुळे बदलायचं तर अ‍ॅक्सलसकट सगळंच बदलायचं.

विकत घेण्याआधी मिस्त्रींनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. हौसिंग दोन लाकडांवर ठेवलं, पिनियनच्या फ्लँजवर खडूची रेघ मारली, एका बाजूचा ड्रम पायानं दाबून धरला आणि मला म्हणाले, "त्यो दुसरा फिरवा. बरोब्बर दोन फेरं." मी फिरवले. ते रेघ मोजत होते. पाचाला थोडी कमी. आमच्या जीपवर तेच केलं तर पाच पूर्ण आणि वर आणखी थोडं, साडेपाचाच्या आत. दोनच फेरे का? एक चाक धरून ठेवलं की डिफरन्शियल दोन्ही चाकांची सरासरी घेतं, म्हणून एका चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. हे आम्ही फॉर्म्युल्याने शिकलो होतो, व्हायवात मी ते घडाघडा म्हटलंही होतं. पण इथे ते खडूच्या रेघेत दिसलं! झाकण काढून दात मोजले. आमचे ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. त्याचे ३९ आणि ८, म्हणजे ४.८८.

हे दोन्ही जोड जुन्या जीपच्या वंशातलेच आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीज जीपला ४.८८ चा होता. १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए म्हणून काढली, तेव्हा तिला ५.३८ चा घातला. लष्कराला पळणारी गाडी हवी होती, शेतकऱ्याला ओढणारी. त्याच घराण्यातली पुढची सीजे-३बी महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली.

हे सगळं मी तिथेच उभं राहून बाबांना ऐकवलं. वर हिशेबही सांगितला. रेशो नऊ टक्क्यांनी उतरला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन नऊ टक्के कमी फिरणार, म्हणजे डिझेल वाचणार. "बाबा, हेच घ्या." बाबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "घ्या की. पन फोर व्हील लावायचं न्हाई. म्होरलं जुनंच हाय, दोनी भांडतील. घाटात गिअर खाली घ्यावा लागंल. आनि काटा मागं पडंल."

पहिल्या दोन गोष्टी मला कळल्या. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो वेगळा असला आणि चारही चाकं जोडली, की टायर घसरल्याशिवाय हिशेब जुळत नाही; कडक रस्त्यावर काहीतरी तुटतंच. तिसरी गोष्ट मला वाटलं पिकअपबद्दल आहे. काटा मागे पडणार, म्हणजे गाडी उशिरा वेग घेणार, असा मी अर्थ लावला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरचं मराठी येतं, गॅरेजचं मराठी अजून शिकतोय. मी मिस्त्रींना टॉर्क कसा कमी होतो ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि यू-बोल्टवर रॉकेल ओतायला घेतलं.

दोन दिवस काम चाललं. चारपैकी तीन यू-बोल्ट गंजून कापावे लागले. पाट्यांच्या बैठका अर्धा इंच बाहेर निघाल्या, त्या तोडून पुन्हा वेल्ड केल्या. ब्रेकची हवा काढायला मी आत बसून पॅडल मारत होतो, "दाबा... धरा... सोडा" असं साधारण शंभर वेळा. संध्याकाळी जीप निघाली तेव्हा मागून कसलाही आवाज नव्हता. बाबा नुसते हसले. मला वाटलं, मी डिग्रीच्या आधीच इंजिनिअर झालो.

होस्टेलला परत आलो. बाबांची एक खिशातली डायरी आहे, त्यात ते प्रत्येक वेळचं डिझेल आणि किलोमीटर लिहितात. आधी दहाचं अ‍ॅव्हरेज होतं. जुलैत फोनवर विचारलं, तर म्हणाले, "साडेनऊ." ऑगस्टमध्ये? "साडेनऊच." मी म्हटलं, टायरची हवा बघा. मग म्हटलं, पंप बदला. सप्टेंबरमध्ये तर मी, माझ्या बाबांना, ज्यांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्यांना म्हटलं, "तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबता." ते "बरं" म्हणाले. पुढे आईकडून कळलं की ते त्यानंतर चप्पल काढून गाडी चालवायचे, पाय हलका राहावा म्हणून.

नोव्हेंबरमध्ये माझ्या रूम पार्टनरने बाइकचं मागचं स्प्रॉकेट बदललं. रात्री मेसमध्ये मी त्याला ज्ञान दिलं की आता तुझं मीटर चुकणार. तो म्हणाला, "येड्या, माझं मीटर पुढच्या चाकावर चालतं, मागे काहीही लाव. तुझ्या जीपचं कशावर चालतं?"

हातातली चपाती तशीच राहिली. आमच्या जीपचं मीटर चाकावर चालत नाही. त्याची केबल ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टमधून निघते, म्हणजे डिफरन्शियलच्या आधी. तो शाफ्ट आता प्रत्येक किलोमीटरला नऊ टक्के कमी फिरत होता. साठचा वेग असला तर काटा चोपन्न दाखवत होता. काटा मागं पडला होता!

जर्नलच्या मागच्या पानावर हिशेब केला. खरे १५०० पळले की मीटरवर १३६० दिसणार. अ‍ॅव्हरेज साडेनऊ नव्हतंच, साडेदहा होतं. डिझेल खरोखर वाचत होतं, महिन्याला सात लिटर. माझं इंजिनिअरिंग बरोबर होतं! आणि त्याच मीटरवरून बिल होत होतं. महिन्याला १४० किलोमीटर लिहिलेच जात नव्हते. सहा महिन्यांचे ८४०. गुणिले चौदा, अकरा हजार सातशे साठ. म्हणजे ते हौसिंग आम्ही दोनदा विकत घेतलं होतं.

सकाळी सहाला फोन केला. रात्री हिंमत झाली नव्हती. सगळं ऐकून बाबा म्हणाले, "व्हय, दारापासनं उद्यमनगर ५४ पडायचं, आता ४९ पडतंय. पहिल्याच आठवड्यात दिसलं मला. म्हटलं मीटर म्हातारं झालं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू हवा बघा म्हणालास, हवा बघितली. पाय हलका ठेवा म्हणालास, ठेवला. मीटरचं तू काय बोलला न्हाईस."

"आणि लॉगबुक?"

"काट्यावर दिसतं तेच लिहायचं असतं."

कंत्राटदाराच्या माणसाला त्यांनी एकदा विचारून पाहिलं. तो म्हणाला, लॉगबुकवर सही कुणाची आहे? सही बाबांचीच होती. विषय संपला. मला त्या माणसाचा राग आला होता, पण त्याच्या जागी मीही दुसरं काय म्हटलं असतं?

डिसेंबरच्या सुट्टीत मिस्त्रींनी ट्रान्सफर केसमधलं मीटरचं छोटं गिअर काढून दोन दात कमी असलेलं बसवलं. पाऊण तासाचं काम. हात पुसताना एवढंच म्हणाले, "तवाच बोललो हुतो."

मग बाबा आणि मी उद्यमनगरला गेलो. बाबा गाडी चालवत होते, चप्पल घालून. मी मैलाचे दगड मोठ्याने वाचत होतो आणि मीटर बघत होतो. कळे गेलं, रंकाळा आला. उद्यमनगरला पोचलो तेव्हा ५४ वर थोडं जास्तच होतं. बाबांनी डायरी काढून ५४ लिहिलं. वरच्या ओळीत ४९ होतं, त्याच्या वरही ४९. पान उलटलं तर मागेही तेच, निळ्या पेनाने, एकसारख्या अक्षरात.

"एकूण किती झालं म्हणालास?"

"आठशे चाळीस किलोमीटर."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे गोव्याला दोनदा जाऊन आलो आपण. फुकटात नेलं आपण त्यास्नी." आणि डायरी खिशात घालून चहा सांगायला उतरले.