खाणीतला सरदार

मी सर्वांना विचारून कारभार करणारा विभागप्रमुख आहे, अशी माझी फार दिवसांची समजूत होती. परवा कन्हानला ती ढासळली.

माझा एक जुना विद्यार्थी तेथे राहतो. जवळच्या कोळशाच्या खाणीत तो सरदार आहे. पेशवाईतला नव्हे, खाणीच्या नियमांतला! त्याच्या हाताखाली मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू बोलणारी माणसे आहेत. "इतक्या भाषांवर हुकूम कसा चालवतोस?" मी विचारले. तो हसला. "सर, हुकूम थोडा; ऐकावेच जास्त लागते. छत बोलते, ते आधी कोणाला ऐकू येईल याचा नेम नाही."

धोका दिसताच माणसे मागे घेणे हे 1957 च्या कोळसा-खाण नियमावलीने सरदाराचे कर्तव्यच ठरविले. त्यासाठी साहेबाच्या होकाराची वाट पाहणे नाही. 1955 च्या खाण-नियमांत तर पुढे कामगार संघटनेच्या सल्ल्याने कामगार-निरीक्षक नेमण्याची तरतूद झाली. जेथे जीव धोक्यात, तेथेच अधिकारही उतरविला गेला.

आणि माझी बैठक? तेथे प्रथम मी बोलतो, मग सर्वजण माना डोलावतात. गेल्या वर्षी एक तरुण सहकारी चाचरत म्हणाला होता, "तास सायंकाळी ठेवले, तर खेड्यांतल्या मुलींची शेवटची एस्टी चुकेल." "पुढे पाहू," म्हणून मी दुसरा विषय घेतला. वर्षअखेर दोन मुलींनी नावे काढून घेतली.

छत बोलले होते. मी ऐकले नाही. सोमवारी पुन्हा बैठक आहे. प्रथम त्यालाच बोलू द्यावे, असे मी ठरविले आहे. पण तो आता बोलेल काय?