पुसेगावचे पुसणे

माझे सासर पुसेगावचे. एवढे म्हटले की पुण्याच्या बायका सेवागिरी महाराजांच्या यात्रेची चौकशी करतात. ते पुसेगाव साताऱ्याकडचे. आमचे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. 'पुसणे' म्हणजे विचारणे, हा जुना अर्थ शहरात मागे पडला आणि पुसणे फडक्यापुरते उरले. गावाच्या नावाचा त्याच्याशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण सून म्हणून गेले तेव्हा माझी पहिली फजिती प्रश्नांनीच केली.

आपल्या पुस्तकी मराठीत एकट्या 'का'ला दोन घरचा कारभार पाहावा लागतो. "आलास का?" यात तो फक्त हो-नाही मागतो, "का आलास?" म्हटले की तोच कारण मागू लागतो. सारा भरवसा जागेवर! आमच्या गावाने कारण विचारायला 'कामून' ठेवला आहे. (शेजारच्या वऱ्हाडात त्याचाच भाऊ 'काहून'.) मग तो वाक्यात कुठेही बसला तरी अर्थ ढळत नाही. 'केव्हा'चा 'कव्हा' होतो. आणि घरून निघालेल्या माणसाला "कुठे" म्हणून कोणी अडवीत नाही, तो अपशकुन, "लांब निघालात का?" एवढेच. सांगायचे असेल तर तो सांगेल.

ग्रिअर्सनसाहेबाने भाषांची मोठी पाहणी केली, मराठीचा खंड 1905 साली निघाला. निजामाचे राज्य मात्र त्या पाहणीबाहेर राहिले. म्हणजे पुसेगावला कोणी पुसलेच नाही!

एकदा सासूबाई पडल्याची तार नव्हे, फोन आला. मुलांना शेजारी ठेवून, रात्रभर एस. टी.त अवघडून मी पोचले. बाजेवरून त्यांनी मान वळवली नि म्हणाल्या,

"कामून आलीस, माय?"

मी तडक स्वयंपाकघरात गेले. डोळ्यांत पाणी उभे राहिले. एवढ्या लांबून आले ते हे ऐकायला? जाऊबाई भाकरी थापीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसूच लागल्या.

"अवं, मघापासून धा वेळा पुसलं त्यांनी, गाडी आली का म्हून. एवढा तरास कामून घेतला, असं म्हनल्या त्या. तुमच्याकडं काय म्हनतात?"

आमच्याकडे "कशाला आलीस एवढी?" म्हणतात, आणि तेव्हा कोणी रडत नाही. पण हे मला त्या क्षणी सुचले नव्हते.

मी चहा घेऊन बाहेर गेले. त्यांनी बाजेवर जागा करून दिली.

चार दिवसांनी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात सोडला नाही. कारण नको होते, वाट नको होती.

"कव्हा येशील?"

"दिवाळीला," मी म्हटले.

दसऱ्याच्या आधीच जावे लागले.