सहा सह्या आणि दोन गाळे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, एका सोमवारी, आमच्या घरी एक मध्यस्थ आले. सोमवार हा बांद्याच्या आठवडा बाजाराचा दिवस. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. घाटावरची भाजी, सुकी मासळी, कोयते, घमेली, पावसाळ्याची प्लास्टिकं, सगळं रस्त्याच्या कडेला मांडलेलं असतं. त्या गर्दीतून वाट काढत ते पाहुणे आले, पडवीत बसले आणि चहा येण्याआधीच त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडला. "हे मोपा विमानतळ, हे पत्रादेवी, इथे शक्तिपीठ महामार्ग येऊन मिळणार. आणि बरोबर मध्ये तुमची जागा."

नकाशा लहान केला की सगळंच जवळ दिसतं. पण त्या दिवशी आम्हालाही ते सगळं जवळच वाटलं.

आमची जागा म्हणजे बाजारपेठेतलं चार गुंठ्यांतलं जुनं कौलारू घर आणि त्याच्या रस्त्याकडच्या बाजूला दोन गाळे. एकात किराणा, दुसऱ्यात टेलर. हे गाळे आजोबांनी काढले ते गोवा मुक्त झाल्यावर. त्याआधी पत्रादेवीला पोर्तुगिजांची हद्द होती. 15 ऑगस्ट 1955 ला तिथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर सीमा बंदच झाली आणि सीमेवरचा व्यापार आटला. डिसेंबर 1961 नंतर रस्ता मोकळा झाला, लोक दोन्हीकडून येऊ-जाऊ लागले, तेव्हा आजोबांनी पडवीचा अर्धा भाग भिंत घालून दुकानांना दिला. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मध्यस्थांचा प्रस्ताव असा: घर पाडायचं, जमीन आमची आणि बांधकाम बिल्डरचं. खाली आठ गाळे, वर दोन मजले सदनिका. त्यातले तीन गाळे, दोन सदनिका आणि थोडी रोख रक्कम आम्हाला मिळणार. नव्या गाळ्याचा भाव त्यांनी 35 लाख सांगितला. "आत्ता 35. विमानतळाची गर्दी वाढली की किती होतील, अल्लाह जाणे," असं म्हणून ते हसले. ते स्वतः हिंदू, पण आमच्या घरी बोलताना त्यांनी अल्लाहचं नाव बरोबर जागी घातलं. धंद्यात मुरलेला माणूस.

आम्ही चौघं भावंडं, दोन भाऊ आणि दोन बहिणी. अब्बा 2018 मध्ये गेले. अम्मी याच घरात राहतात. त्या रात्री चौघांचं फोनवर बोलणं झालं आणि खरं सांगायचं तर कुणालाच झोप लागली नाही. तीन गाळे म्हणजे एक कोटीच्या वरचा आकडा! आमच्यातल्या थोरल्याचा नोकरीचा पगार, धाकट्याचं रोज मोटरसायकलवरून गोव्याला कामाला जाणं, आपाच्या मुलीची कॉलेजची फी, छोटीचं भाड्याचं घर, सगळ्यांचे प्रश्न त्या एका आकड्यात सुटताना दिसत होते.

एकच अडचण होती. मिळकतीच्या कागदावर फुफीचं नाव होतं. फुफी म्हणजे अब्बांची एकुलती बहीण, लग्न होऊन म्हापशाला गेलेली, वय सत्तरीच्या पुढे. मध्यस्थांनी सांगितलं, "त्यात काय, हक्कसोडपत्र करून घ्या. रक्ताच्या नात्यात काही शे रुपयांच्या मुद्रांकावर काम होतं." आठ दिवसांत मसुदा तयार होऊन आला. त्यात लिहिलं होतं की फुफीने आपला हक्क 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता' सोडला आहे. फुफीला तोपर्यंत कुणी फोनसुद्धा केला नव्हता. आम्हा भावांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि बहिणींनीही विचारलं नाही, कारण त्यांचे वाटे मसुद्यात धरलेले होते.

मसुदा हातात असतानाच आम्ही जागेचा भाव खरा आहे का, हे बघायला निघालो. यात धाकट्याचा पुढाकार होता. तो रोज महामार्गाने जातो, त्यामुळे नवीन बांधलेले आणि शटर न उघडलेले गाळे त्याच्या नजरेत होते. आमच्या ओळखीतल्या एकाने विमानतळ सुरू झाल्यावर महामार्गाच्या कडेला दोन गाळे घेतले, एकात त्याच्याच मेहुण्याने मोबाइलचं दुकान टाकलं आणि वर्षभरात गुंडाळलं. दुसरा गाळा अजून कुलूपबंद आहे. तो म्हणाला, "गाड्या खूप आहेत रे, पण थांबतात कुठे?"

खरंच, कुठे थांबतात? मोपाचं विमानतळ डिसेंबर 2022 मध्ये खुलं झालं आणि जानेवारी 2023 पासून तिथून उड्डाणं सुरू झाली. पण विमानतळाचा जोडरस्ता महामार्गाला मिळतो तो धारगळजवळ, म्हणजे गोव्याच्या आत. उतरलेला पर्यटक तिथून दक्षिणेला वळतो, म्हापसा, कळंगुट, पणजीकडे. बांदा उत्तरेला राहतं. इकडे वळतात ती आपलीच माणसं, सावंतवाडी-कुडाळची, आणि त्यांना घरी पोहोचायची घाई असते. शिवाय पेट्रोल गोव्यात स्वस्त, म्हणून आम्ही बांद्याचे लोकसुद्धा टाकी पत्रादेवीला भरतो. सीमा अशी असते. एका बाजूला करातला फरक पडला की दुसऱ्या बाजूची गिऱ्हाइकं पलीकडे जातात, आणि ताज्या मासळीला नाहीतर सोमवारच्या बाजाराला परत येतात.

मुंबईच्या मामूंनी पनवेलचं उदाहरण दिलं. "पनवेलला विमानतळाच्या नावाने भाव कुठल्या कुठे गेले, बघा." आम्ही बघितलं. नवी मुंबईच्या विमानतळाला तत्त्वतः मंजुरी 2007 मध्ये मिळाली, भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झालं आणि उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये. मोपाचंही तसंच: 2000 साली मंजुरी, 2016 मध्ये पायाभरणी. मधली वर्षं कर्जाचे हप्ते कुणी भरले? आणि पनवेलच्या मागे मुंबईसारखं शहर आहे, बांद्याच्या मागे आंबोलीचा घाट. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये 20,787 कोटी रुपये मंजूर केले, त्या बातमीने आमच्याकडे एका रात्रीत भाव वाढले. विरोध करणारी गावं, बदलणारे नकाशे, हे सगळं त्या भावात कुणी धरलं नव्हतं.

बांद्याला हे नवं नाही, असं जाणते लोक सांगतात. आदिलशाहीत या गावाला आदिलाबाद म्हणत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बार्बोझा या पोर्तुगीज प्रवाशाने बांद्याची नोंद व्यापाराचं ठिकाण म्हणून केली आहे. तेव्हा महामार्ग म्हणजे तेरेखोल नदी. तिच्या काठाला बाजार होता, मशिदी होत्या, घुमट होते, त्यातले काही अवशेष आजही उभे आहेत. पुढे माल वेंगुर्ल्याच्या बंदराला जाऊ लागला आणि नदीकाठ मागे पडला. मग मोटारीचा रस्ता आला, मग 1998 मध्ये कोकण रेल्वे, पण स्टेशन झालं ते मडुऱ्याला. मग महामार्ग चौपदरी झाला आणि झाराप ते पत्रादेवी या पट्ट्यात सावंतवाडी शहराला बाजूला ठेवून गेला. सावंतवाडीच्या जुन्या रस्त्यावरचे हॉटेलवाले त्याबद्दल आजही बोलतात.

नदीचा विषय निघाला म्हणून सांगतो. मध्यस्थांच्या नकाशावर विमानतळ होता, नदी निळ्या दोऱ्याएवढी होती. ऑगस्ट 2019 मध्ये हीच नदी बाजारपेठेत शिरली. आमच्या किराणावाल्याची तांदळाची पोती फुगून फुटली, टेलरच्या शिलाई यंत्रांवर गाळ बसला. भिंतीवर कंबरेच्या उंचीला अजून ती रेघ आहे. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं. आठ गाळ्यांची इमारत उभी करायची तर भराव टाकून जोतं उंच करावं लागेल, मग आमचं पाणी शेजाऱ्याच्या घरात जाणार. यावर मध्यस्थ म्हणाले, "ते पंचायत बघेल." बांदा अजून ग्रामपंचायतच आहे. गटारं तीच, बाजाराच्या दिवशी गाड्या लावायची पंचाईत तीच. शहर होणार म्हणून भाव आले आहेत, शहराची सोय मात्र कुणाच्याच प्रस्तावात नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या वकिलांनी दाखवून दिली, ती इतरांच्याही उपयोगाची आहे. रेरा कायद्याखाली 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. चार गुंठे म्हणजे साधारण 405 चौरस मीटर. बिल्डरच्या माणसाने हे फायद्याचं म्हणून सांगितलं होतं, "रेराची कटकट नाही." पण रेराच्या नोंदणीसोबत येणारं संरक्षणही नाही. काम अर्धवट राहिलं तर आम्ही अम्मींना घेऊन भाड्याच्या खोलीत, आणि हातात फक्त करारनामा.

शेवटी आम्ही साधा हिशेब मांडला. गाळ्याची किंमत त्याच्या भाड्यावरून काढायची. आमच्या दोन गाळ्यांना महिन्याला सहा-सहा हजार येतात. नव्या गाळ्याला आठ हजार धरले तरी वर्षाला 96 हजार. 35 लाख वसूल व्हायला छत्तीस वर्षं, तीही गाळा एक महिनाही रिकामा न राहता. म्हणजे 35 लाखांतला मोठा भाग दुकानाचा नव्हताच. तो आशेचा होता, आणि ती आशा कुणीतरी दुसऱ्याने आपल्याहून जास्त भावाला विकत घ्यावी, यावर सगळं उभं होतं.

हा कागद ओट्यावर पडलेला असताना फुफी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती वर्षातून तीन-चार सोमवारी बाजाराला येते, सुकी मासळी घेते आणि अम्मींकडे जेवून संध्याकाळच्या बसने परत जाते. आम्ही मसुदा लपवला, पण हिशेबाचा कागद तिथेच राहिला. तिने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "दोन गाळ्यांचे बारा हजार येतात का महिन्याला?"

आम्ही म्हटलं, हो.

"मग माझे कुठे असतात?"

कुणाला काही सुचलं नाही. अम्मी आत गेल्या. मग आम्ही मसुदाही तिच्यापुढे ठेवला, कारण आता तो लपवण्यात अर्थ उरला नव्हता. 'स्वखुशीने' या शब्दावर तिने बोट ठेवलं आणि काही न बोलता कागद परत दिला. जाताना एवढंच म्हणाली, "भाईजानचं मी त्याच्या मय्यताच्या दिवशी माफ केलं होतं. त्याने विचारलं असतं तर आधीच केलं असतं. तुमचं माफ केलेलं नाही."

जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही मौलाना साहेबांना गाठलं. सूरह निसामधले वाटे आम्हाला माहीत होते, ऐकून माहीत होते. कागदावर ते पहिल्यांदाच मांडले. आजोबांच्या मिळकतीत मुलाचे दोन आणि मुलीचा एक. आजी त्यांच्यानंतर गेल्या, त्यांचीही मुलं हीच दोन. म्हणजे फुफीचा तिसरा हिस्सा. उरलेल्या अब्बांच्या दोन तृतीयांशात अम्मींचा आठवा हिस्सा, बाकी आम्हा चौघांचं. छेद सारखे केले तेव्हा फुफीचे चार, अम्मींचा एक आणि आमचे बारापैकी सात असे निघाले. "घ्या, सातबारा!" असं धाकटा म्हणाला आणि त्या बैठकीत पहिल्यांदा सगळे हसले, मौलानाही. मग ते म्हणाले, देणं आधी फेडा, वाटे नंतर.

गेल्या सात वर्षांचं भाडं अम्मींच्या घरखर्चाला आणि औषधांना लागलं होतं. ते कुणी उधळलं नव्हतं. पण आईला सांभाळणं आमची जबाबदारी, फुफीची नव्हे. भाडं वाढत कसं गेलं ते धरून फुफीचे दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास निघाले. ते एकदम देण्याची आमची ऐपत नव्हती. व्याजाने कर्ज काढायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. आम्ही चौघांनी महिन्याचे हप्ते वाटून घेतले. बहिणींचा वाटा भावांच्या निम्मा, म्हणून हप्ताही निम्मा. हे आपानेच सुचवलं, आणि वाद न होता मान्य झालेली ती त्या महिन्यातली एकमेव गोष्ट.

बिल्डरला नाही म्हणून कळवलं. धाकट्याला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, शक्तिपीठ झाला तर आपण दहा वर्षांनी पस्तावू. तसं होईलही. त्याने अंगावर रेनकोट घालून रोज पत्रादेवी ओलांडायची आणि बाकीच्यांनी धीर धरायला सांगायचं, यात त्याची चिडचिड खोटी नाही. त्याच्यासाठी किराणा दुकानामागची खोली मोकळी करून तिसरा, लहान गाळा काढायचा विचार चालू आहे, जोतं दीड हात उंच करून. तिथे तो काय चालवेल ते अजून ठरलेलं नाही. त्याच्याही भाड्यात फुफीचा तिसरा हिस्सा असेल, हे मात्र त्याने स्वतःहून लिहून ठेवलं आहे.

नवा भाडेकरार झाला तेव्हा मालक म्हणून सहा नावं घातली. टेलर म्हणाले, "इतक्या सह्या? गाळो माझो पाच हातांचो!" फुफीची सही सगळ्यात वर आहे. पहिला हप्ता घेताना तिने नोटा दोनदा मोजल्या, त्यातली शंभराची फाटकी नोट परत केली आणि दुसरी मागून घेतली.

मध्यस्थांचा दिवाळीनंतर पुन्हा फोन आला होता. भाव आणखी चढला आहे म्हणाले. आम्ही सांगितलं की सह्या सहा लागतील आणि त्यातली एक सही करणारी बाई म्हापशाहून येते, तेव्हा सोमवारी या, पण दुपारनंतर, तिचा बाजार आटोपल्यावर. अजून आलेले नाहीत.